चौथ्या फितीची नऊ मिनिटं

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी थांबलो. गुरुवार, ४ सप्टेंबर २००३. चौथी फीत लावून चार मिनिटं दहा सेकंद झाली होती. आधी मी किंचाळलो, मग थांबलो. खोलीत चार माणसं होती. त्यांतल्या एकीला बोलता येत नव्हतं. बाकीचे तिघं बोलले नाहीत.

मित्रांनो, मी एक जुना टेप-रेकॉर्डर आहे. तुमच्या आजोबांकडे असायचा तसला कॅसेटचा नव्हे. मी कमरेइतका उंच आहे, मला उचलायला दोन माणसं लागतात आणि माझ्या माथ्यावर ताटाएवढ्या दोन चकत्या फिरतात. एका सेकंदात माझ्यावरून शहात्तर सेंटिमीटर फीत जाते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म १९७६ सालचा, जपानमधल्या एका कारखान्यातला. फितीला जे चिकटून असतं आणि आवाज उमटवतं त्या भागाला हेड म्हणतात. त्या हेडमधली फट केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढी असते. ती भिंगाखाली घासून सारखी करणारी बाई दिवसभरात दोनच हेड करायची. तिसरं तिला करू देत नसत, हात थरथरतो म्हणून. तिचं नाव मला माहीत नाही. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या बंदरात उतरलो, आठ वर्षं सोलच्या एका नभोवाणी केंद्रात बातम्या आणि शोकसभा टिपल्या आणि १९८४ साली जॉन्जू शहरात आलो. मोड आलेल्या सोयाबीनच्या सुपाच्या एका खानावळीवर, दुसऱ्या मजल्यावर, मेंग मान-बोक चालवत तो स्टुडिओ होता. तेव्हापासून मी त्यांचा.

मेंग मास्तरांची रीत एकच. आवाज मोजणारा काटा लाल पट्ट्यात गेलाच पाहिजे. कारण खरं होतं. फितीत सतत एक बारीक सूं भरलेली असते. आवाज हळू घेतला तर ती सूं वर येते, जोरात घेतला तर खाली दबते. आणि फितीचा एक स्वभाव आहे, फार जोराचा आवाज आला तरी ती फाटत नाही. ती त्याला दाबून घेते, त्याच्या कडा गोल करते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय ऊब आहे. ती ऊब म्हणजे माझी चूक असते, पण मानवणारी.

मो ओक-सिमचा आवाज मी पहिल्यांदा १९८५ मध्ये घेतला. ती पान्सोरी गायची, म्हणजे एक गाणारी, एक ढोलवाला आणि तासन्‌तास चालणारी एक गोष्ट. यात गोड गळ्याचा उपयोग नसतो. गळा आधी फोडावा लागतो, धबधब्यासमोर बसून, थुंकीत रक्त येईपर्यंत. मग जो खरबरीत आवाज उरतो, तो गाण्याचा. तिच्या तबकड्या निघाल्या आणि देशभर तिचं नाव झालं. लोक म्हणत, लोखंड आहे, पण मखमलीत गुंडाळलेलं. लोखंड तिचं होतं, मखमल माझी. तबकडी ऐकून जे तिला समोर ऐकायला येत, ते जाताना एकमेकांना विचारत, बाईंना आज सर्दी झालीय का.

प्यो उन-जी १९९२ मध्ये शिकायला आली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. पहिली तीन वर्षं तिने फक्त माझे हेड पुसले, कापसाच्या काडीने, स्पिरिट लावून. बटणाला हात लावायचा नाही आणि रेकॉर्डिंगच्या खोलीत विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा मास्तरांचा नियम. १९९४ मध्ये एकदा तिने तोंड उघडलं. म्हणाली, मशीन किंचित सावकाश चालतंय. मास्तरांनी तिला दुपारभर बाहेर जिन्यात उभं केलं. संध्याकाळी माझी मोटर तपासली, ती खरोखर सावकाश चालत होती.

"तुझं बरोबर होतं," ते तिला म्हणाले. "पण तुला कुणी विचारलं होतं?"

तिने पुन्हा कधी असं केलं नाही. शिकली, गेली, दुसरीकडे कॉम्प्युटरवरचं काम शिकून १९९९ मध्ये परत आली, कारण तोवर मास्तरांकडे गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि स्टुडिओच्या मालकाने तिलाच प्रमुख नेमलं होतं. मास्तरांना ठेवून घेतलं, त्यांच्या वयाकडे बघून. माझ्यावर एक फुलाफुलांचं मेणकापड आलं आणि मेणकापडावर भाताचा कुकर. चार वर्षं मी जेवणाचं टेबल होतो. माझ्या उजव्या बाजूला गरम शेवयांच्या कपाचा गोल डाग आहे, तो अजून जात नाही.

माझ्या जागी आलेल्या संगणकाबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्याच्यात सूं नाही. त्याचा वेग हलत नाही. हळू आवाज तो हळूच ठेवतो आणि मागे काळोखासारखी शांतता ठेवतो. त्याची प्रत मुळाइतकीच असते, माझी प्रत दर वेळी थोडी मळते. त्याला एकच गोष्ट येत नाही, लाल रेषेच्या वर गेलेला आवाज सांभाळणं. तिथे तो दाबत नाही, सरळ कापतो. आवाज फाटतो आणि फाटलेला कुणालाच शिवता येत नाही.

यंदाच्या मे महिन्यात मो ओक-सिमच्या घशात गाठ सापडली. एकाहत्तर वर्षांची होती. सोलच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, २० जूनला. तिच्याकडे एक आख्यान होतं, चोपन्न मिनिटांचं, तिच्या गुरूकडून आलेलं. त्याचे पहिले तीन भाग तिच्या शिष्यिणींना येत होते. चौथा, नऊ मिनिटांचा, तिने कुणालाच दिला नव्हता. त्या घराण्यात शेवटचा भाग गुरू खूश झाला तरच मिळतो आणि ती सव्वीस वर्षांत कुणावर खूश झाली नव्हती. एक शिष्यीण अकरा वर्षं तिच्या घरची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालत होती. तिला मो ओक-सिम म्हणे, "तुझ्या हाताला चव आहे. गळ्यात कधी येणार?"

शब्द ती लिहून देऊ शकली असती. पण त्या नऊ मिनिटांत शब्द थोडेच होते. बाकी सगळं गळ्याने वळायचं होतं आणि तो गळा २० जूनला कचऱ्यात जाणार होता.

१७ जूनला ती स्टुडिओत आली, सोबत तिचा ढोलवाला बोंग चान-गिल. चाळीस वर्षं तिच्या डाव्या हाताला बसलेला, तिला ताई म्हणणारा. मास्तरांनी माझ्यावरचं मेणकापड काढलं. त्यांनी तळघरातून चार फिती आणल्या होत्या, १९८५ च्या, न उघडलेल्या. नव्या फितींत जीव नसतो, असं त्यांचं म्हणणं. उन-जीने संगणक मांडला. कोणावर घ्यायचं यावरून मास्तर बोलू लागले, तेव्हा मो ओक-सिमने हात वर केला.

"दोन्हीवर घ्या," ती म्हणाली. "मी परत आले की ऐकेन. माझा वाटेल तो राहील, दुसरा पुसायचा. गाणाऱ्याला एकच आवाज असतो. दोन आवाज साक्षीदाराला असतात, खोट्या."

उन-जीने संगणकावर आवाज मुद्दाम खाली ठेवला होता, वर मोकळी जागा सोडून. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे काय, मुंगी गाणार आहे का? वाढव."

उन-जीचा हात थांबला.

"वाढव म्हटलं. मी तुला काही विचारलंय का?"

विचारलं नव्हतं. तिने वाढवलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो, तिचा चेहरा मला दिसत होता. त्यावर राग नव्हता. कुणी आपण होऊन विहिरीकडे चालत जातंय आणि आपल्याला हाक मारायची मनाई आहे, तेव्हा माणूस जसा बघेल, तशी ती बघत होती. थोडं समाधानही होतं. तेही सांगायला हवं.

मो ओक-सिम गायली. प्रत्येक भागानंतर ती पाणी पिऊन पाच मिनिटं डोळे मिटून बसे आणि मास्तर फीत बदलत. पहिल्या फितीनंतर माझ्या हेडवर तपकिरी भुकटी होती. दुसऱ्या, तिसऱ्या फितीनंतर जास्त. चौथ्या भागात एका जागी ती आवाज इतका वर घेऊन गेली की संगणकाच्या पडद्यावर लाल रेषा ओलांडली गेली आणि चान-गिलला ढोल वाजवायचं भान राहिलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा ठोका चुकला. "ओल्शिगू," तो म्हणाला, पण दाद देताना ओरडतात तसं नाही, तोंडातल्या तोंडात. गाणं संपलं तेव्हा माझ्या हेडवरची भुकटी भुकटी राहिली नव्हती, खळ झाली होती. मास्तरांनी ती अंगठ्याने पुसली आणि अंगठा पँटला. मान वर केली तर उन-जी बघत होती.

"चहा आण," ते म्हणाले. ती चहा आणायला गेली.

जुनी फीत बिघडते ती अशी. आवाज धरणारा थर प्लॅस्टिकवर ज्या डिंकाने बसवलेला असतो, तो ओल पितो आणि चिकट होऊन सुटतो. माझ्यात आणि संगणकात हाही एक फरक आहे. मी रोज थोडा मरतो आणि वास येतो. तो मरत नाही, त्याला मारावं लागतं.

शस्त्रक्रिया झाली. जुलैत तीन आठवडे पाऊस लागून राहिला आणि तळघराच्या भिंतींना घाम फुटला. चारही फिती तिथेच फळीवर होत्या, कारण मास्तरांच्या फिती नेहमी तिथेच असत.

४ सप्टेंबरला मो ओक-सिम आली. गळ्याला रुमाल, रुमालाखाली भोक, हातात मुलांची अक्षरं गिरवायची पाटी, जिच्यावरचं लिहिलेलं खालची पट्टी ओढली की पुसतं. उन-जीने पहिल्या भागाची सुरुवातीची तीन मिनिटं निवडली, हळू आवाजातली. एकदा माझ्यावरून, एकदा संगणकावरून, कुठलं कुठलं ते न सांगता. मास्तरांनी तोंड भिंतीकडे केलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना दाखवायचं होतं.

पहिल्यांदा मी वाजलो. मागे माझी सूं होती आणि त्या सूंखाली बाईचा श्वास नीट झाकला गेला होता. मग तो वाजला. त्याच्या शांततेत तिच्या प्रत्येक श्वासामागे एक खर्रर ऐकू येत होती, ओल्या कागदासारखी. ती गाठ होती. गाठ गात होती, म्हटलं तरी चालेल.

"दुसरा आवाज फितीचा," मास्तर भिंतीला म्हणाले. "लहान मूलही सांगेल. पहिल्यात जीव नाही, कॉम्प्युटर आहे तो."

मित्रांनो, मास्तर अडुसष्ट वर्षांचे होते. माझी सूं फार उंच स्वराची असते आणि उंच स्वर म्हाताऱ्या कानांतून सगळ्यांत आधी जातात. मला त्या क्षणी कळलं की त्यांना माझी सूं कित्येक वर्षांत ऐकूच आलेली नाही. तीस वर्षं ज्या शत्रूशी ते भांडत होते, तो त्यांच्यापुरता कधीच मेला होता.

मो ओक-सिमने एक बोट वर केलं. पहिला. तो माझा आवाज.

"पहिला आवाज फितीचा होता, गुरुबाई," उन-जी म्हणाली. एवढंच.

चान-गिलने खाली बघितलं. मो ओक-सिम हसली. तिच्या हसण्याला आता आवाज नसतो, फक्त रुमाल हलतो. तिने पाटीवर लिहिलं आणि मास्तरांपुढे धरलं.

*माझ्या घशाबरोबर तुमचे कानही कापले का?*

चान-गिल म्हणाला, "ताई, जाऊ दे, त्यांचंच मशीन जिंकलं ना." तिने पट्टी ओढून पाटी कोरी केली आणि दुसरं वाक्य लिहिलं. *दुसरा पुसा.*

मास्तरांचे कान लाल झाले होते. खोलीत काहीतरी हुकूम द्यायला त्यांना जागा हवी होती, ती मिळाली.

"ऐकलंस ना? पुसून टाक. आत्ता, आमच्यासमोर."

"संपूर्ण?" उन-जीने विचारलं. "चारही भाग?"

"संपूर्ण म्हणजे संपूर्ण."

चौथी फीत अजून कुणी लावून पाहिलेली नव्हती. ही गोष्ट त्या खोलीत दोघांना माहीत होती. आणि त्या दोघांनी जूनमध्ये माझ्या हेडवरची खळही पाहिली होती. उन-जीने चारही भाग पुसले, मग त्या जागेवर कोरं भरलं, म्हणजे परत काढता येऊ नये. तिने ते कामात कधीच चूक न करणाऱ्या माणसासारखं केलं. दहा वाजून सव्वीस मिनिटं.

मग मो ओक-सिमने चार बोटं दाखवली. तिला चौथा भाग ऐकायचा होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फक्त एक राहिलं. मी थांबलो तेव्हा फीत हेडला घट्ट चिकटली होती. तसंच सोडलं असतं तर सोडवता आली असती. पण मास्तर धावले आणि त्यांनी ती ओढली. थर माझ्यावर राहिला आणि त्यांच्या हातात नितळ, पारदर्शक प्लॅस्टिक आलं. उन-जीने नंतर मोजलं. एकशे नव्वद सेंटिमीटर. म्हणजे अडीच सेकंद. ते नेमके कुठले, ते चान-गिलला ढोलाच्या हिशोबाने ओळखता आलं. त्याची बोटं मांडीवर ठोके मोजत गेली आणि एका जागी, जिथे जूनमध्ये चुकली होती, तिथे थांबली.

मो ओक-सिमने पाटीवर लिहिलं. मग उन-जीला दाखवलं. *तुला माहीत होतं?*

"हो."

*बोलली का नाहीस?*

"मला कुणी विचारलं नाही, गुरुबाई."

बाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हातातल्या प्लॅस्टिककडे बघत होते. मग ते चपला घालून जिना उतरले आणि त्यानंतर स्टुडिओत आलेले नाहीत. फोन त्यांची बायको उचलते आणि ते झोपलेत म्हणते, सकाळीही.

फीत वाचवायचा एक उपाय असतो. मंद आचेवर आठ तास सुकवायची, चोपन्न अंशांवर, कमी नाही, जास्त नाही. मग ती थोडे दिवस चालते. कदाचित एकदाच. अशी भट्टी जॉन्जूत कुणाकडे असणार? चान-गिलला त्याची भावजय आठवली, इम्सिलजवळच्या गावातली. मिरची सुकवायचं यंत्र तिच्याकडे होतं. सप्टेंबर होता, चुसॉकचा सुगीचा सण आठवड्यावर आणि यंत्र लाल मिरचीने गच्च भरलेलं. तिने आधी ऐकून घेतलं.

"म्हणजे माझी मिरची काढून त्यात ही काळी रिबीन ठेवायची?"

"एक दिवस फक्त, वहिनी."

"आणि मिरची काळी पडली तर थंडीत किमचीत काय घालू भावोजी, तुमच्या ताईचं गाणं?"

पण मिरची काढली तिने. आठ तास यंत्राशेजारी बसून काटा बघत राहिली, आणि फीत परत देताना म्हणाली की हिला आता शिंका येतील.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्र तुम्हाला सांगतं की आमची काळजी घ्या. घ्या. माझे हेड पुसा, माझी फीत कोरड्या जागी ठेवा, माझ्यावर कुकर ठेवू नका. पण मी एकोणीस वर्षं त्या खोलीत माणसं ऐकली आहेत. मला त्याहून वेगळं मागायचं आहे. ज्याला माहीत आहे त्याला बोलू द्या, तो धाकटा असला तरी. ज्याला येतं त्याच्याकडून ते मागून घ्या, तो चिडला तरी. आणि कुठलीही गोष्ट पुसण्याआधी दुसरी लावून बघा. हे तिन्ही सोपं आहे. त्या दिवशी चार शहाण्या माणसांना ते जमलं नाही.

आज सोमवार, १५ सप्टेंबर. दुपारी दोन वाजता उन-जीने माझे हेड पुसले, दोनदा, आणि चौथी फीत हाताने माझ्यावर चढवली. फितीला मिरचीचा वास आहे. तिने माझ्यापासून संगणकापर्यंत एक तार लावली आणि मो ओक-सिमला समजावून सांगितलं. फीत कदाचित एकदाच वाजेल. ती वाजताना संगणकात उतरवून घेतली तरच पुढे काही राहील. तुटलेले अडीच सेकंद सोडून बाकीची नऊ मिनिटं मिळतील, सूंसकट. यावेळीही तिला कुणी विचारलं नव्हतं. ती आपणहून बोलली.

"खर्रर ऐकू येईल का, हे विचाराल, तर येईल," ती म्हणाली. "थोडी. माझ्या हातात नाही ते."

खाली खानावळीत सहा शिष्यिणी बसल्या आहेत. अकरा वर्षं किमची घालणारी त्यांच्यात आहे. त्यांना वर बोलावलेलं नाही.

मो ओक-सिमने पाटी मागितली नाही. ती उठली, माझ्या मागे आली आणि तिने तार माझ्यातून उपसली. मग स्टुलावर बसून तिने उन-जीला बोटाने खूण केली, लाव.

उन-जीने बटण दाबलेलं नाही. हात मागे बांधून ती उभी आहे. चान-गिल दाराशी आहे. तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि तारेचं टोक मो ओक-सिमच्या मुठीत आहे.